जिभेवरची इंग्रजी आणि कागदावरची इंग्रजी

मराठी घरांत ‘रँग्लर’ हा शब्द एखाद्या किताबासारखा आदराने उच्चारला जातो. रँग्लर परांजपे म्हटले की, 1899 साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने मिळविणारा, कोकणातील मुर्डी गावचा तो तरुण आपल्याला आठवतो. पण या शब्दाचा मूळ अर्थ आपण सहसा विचारीत नाही. इंग्रजीत ‘रँगल’ म्हणजे हुज्जत घालणे, तंडणे. तेव्हा रँग्लर म्हणजे सरळ सरळ तंडणारा! गणिताची उदाहरणे कागदावर मुकाट्याने सोडविणाऱ्या विद्वानाला हे नाव का मिळावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे इंग्लंडातील विद्यापीठांच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण उलगडते, आणि आज आपली मुले ज्या अडचणीत सापडतात तिचे मूळही त्यात दिसू लागते. ती अडचण अशी की, ज्याला इंग्रजी पुस्तक नीट समजते त्याला इंग्रजी व्याख्यान समजत नाही; आणि मग चार माणसे म्हणतात, याचे इंग्रजी कच्चे आहे.

मध्ययुगापासून युरोपातील विद्यापीठांत परीक्षा म्हणजे वादसभा असे. उमेदवाराने एक प्रमेय मांडावयाचे, प्रतिवाद्यांनी तर्कशास्त्राच्या रीतीने त्यावर हल्ले करावयाचे, उमेदवाराने ते परतवावयाचे आणि नियामकाने निवाडा द्यावयाचा. शास्त्रीमंडळींच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. जेझुइट संघाने 1599 साली आपल्या विद्यालयांसाठी जी शिक्षणसंहिता निश्चित केली तिच्यातही या वादविवादांना मोठे स्थान होते. हा सारा व्यवहार तोंडी चाले आणि तोही लॅटिन भाषेत. केंब्रिजच्या परीक्षेला आजही ‘ट्रायपॉस’ म्हणतात, ते नावही याच वादसभेतून आले. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या आरंभी, भरणाऱ्या सभेत एक पदवीधर तिपाईवर बसून उमेदवारांशी वाद घाली. त्या तिपाईचे नाव आधी त्या माणसाला लागले, मग त्याच्या नावाने छापल्या जाणाऱ्या पद्यांना, मग त्या पद्यांच्या पाठपानावर छापलेल्या उत्तीर्णांच्या यादीला आणि अखेर परीक्षेला. लाकडाची तिपाई अशी हळूहळू कागद होऊन बसली.

अठराव्या शतकात केंब्रिजच्या सेनेट हाउसमध्ये एक निराळी परीक्षा सुरू झाली. तिची भाषा इंग्रजी होती. वादसभेतील लॅटिन एव्हाना बरेच मोडकेतोडके झाले होते, आणि गणितासारख्या विषयात तर तोंडी तंडण्यापेक्षा कागदावर मांडलेली रीत अधिक बोलकी ठरते. आरंभी परीक्षक प्रश्न तोंडाने सांगत व विद्यार्थी उत्तरे लिहीत. पुढे प्रश्नही छापून येऊ लागले. उमेदवारांची संख्या वाढली, त्यांना गुणानुक्रमे एकाखाली एक मांडण्याची हौस वाढली, आणि असे मोजमाप करावयाचे तर सर्वांना एकच प्रश्न व सर्वांची उत्तरे कागदावर, हाच मार्ग सोयीचा होता. 1839 मध्ये केंब्रिजची जुनी वादसभा बंद पडली. ‘रँग्लर’ हे नाव मात्र मागे राहिले, रिकाम्या म्यानासारखे.

ऑक्सफर्डमध्ये तोंडी परीक्षेचा मान अधिक काळ टिकला. 1808 साली रॉबर्ट पील या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा ऐकावयास सभागृहात गर्दी लोटली होती. हाच पील पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. पण तेथेही लेखी प्रश्नपत्रिकांनी हळूहळू जागा व्यापली. आता पदवी कोणाला मिळावी, हे कागद ठरवू लागला.

याचा परिणाम भाषेवर होणे अटळ होते. तथापि, विद्वानांची लेखी इंग्रजी बोलीपासून दूर जाऊ लागली होती ती याच्याही आधीपासून. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याच्या यंत्रावर एक छोटा ग्रंथ लिहिला, तो आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी. तेव्हा हे यंत्र घे, असे धर, असे फिरव, अशी त्याची भाषा असणे स्वाभाविकच होते. 1660 साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली, आणि 1667 मध्ये टॉमस स्प्रॅट याने तिचा इतिहास लिहिताना असा आग्रह धरला की, या संस्थेतील विद्वानांनी अलंकार टाकून साधे बोलावे. पंडितांच्या भाषेपेक्षा कारागिरांची, शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची भाषा बरी. हा स्प्रॅट पुढे बिशप झाला. धर्मपीठावरून प्रवचने करणाऱ्या माणसाला श्रोत्यांची जाण असणारच, असे मला आपले वाटते.

परंतु घडले ते काही निराळेच. त्याच मंडळींच्या नियतकालिकात आणि ग्रंथांत एक नवे गद्य आकारास आले. न्यूटनने आपला ‘प्रिन्सिपिया’ 1687 मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला होता. 1704 चा ‘ऑप्टिक्स’ मात्र त्याने इंग्रजीत लिहिला. प्रयोग सांगताना तो ‘मी असे केले, मग असे दिसले’ असे लिहितो; पण त्यातून निष्कर्ष काढावयाचा आला की, मघाशी जी क्रिया होती ती एकाएकी नाम होते. प्रकाश वाकला, हे एकदा सांगून झाले की पुढच्या वाक्यात ‘प्रकाशाचे वक्रीभवन’ येते, आणि या नामावर पुढचा मजला चढतो. शास्त्राला हे हवेच होते. घडलेल्या गोष्टीला वस्तूचे रूप दिल्याशिवाय तिच्याविषयी सिद्धांत मांडणे कठीण जाते. (न्यूटनच्या व्याख्यानांना श्रोते इतके थोडे असत की कधी कधी तो भिंतींनाच वाचून दाखवी, असे त्याच्या मदतनिसाने लिहून ठेवले आहे. त्याच्या लेखणीचा प्रताप जिभेला लाभला नव्हता, हे उघड आहे.)

हा बदल नीट कळावा म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात असे वाक्य सहज आढळेल: ‘द रॅपिड एक्स्पान्शन ऑफ रेल्वेज लेड टु अ डिक्लाइन इन कनॅल ट्रॅफिक.’ म्हणजे, रेल्वेच्या झपाट्याने झालेल्या विस्तारामुळे कालव्यांवरील वाहतुकीचा ऱ्हास झाला. एकच वाक्य, एकच क्रियापद, आणि अर्थाने भरलेले सात शब्द त्यात ठासून बसविलेले. हीच गोष्ट वर्गात सांगताना प्राध्यापक म्हणेल: ‘सो, दे बिल्ट रेल्वेज, राइट, अँड दे बिल्ट देम फास्ट, अँड देन पीपल फाउंड इट वॉज चीपर, सो दे स्टॉप्ड यूझिंग द कनॅल्स.’ त्यांनी लोहमार्ग बांधले, भराभर बांधले, लोकांना ते स्वस्त पडले, मग त्यांनी कालवे सोडले. येथे नामे विरघळून पुन्हा क्रियापदे झाली. कोणी केले, कोणी सोडले, ती माणसे वाक्यात परत आली.

इंग्लंडात जन्मलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी 1985 च्या आपल्या ग्रंथात आणि नंतरच्या लेखांत या फरकाचे सूक्ष्म विवेचन केले. सहज बोलण्यात एका उपवाक्यात अर्थवाही शब्द सुमारे दोन असतात, लेखनात बहुधा चार ते सहा, आणि शास्त्रीय लेखनात ते दहा किंवा त्याहूनही अधिक होतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बोलणे सोपे आणि लेखन अवघड, असे हॅलिडे म्हणत नाहीत. त्यांच्या मते दोन्ही अवघड आहेत, पण निरनिराळ्या रीतीने. लेखन शब्दांनी दाट असते. बोलणे वाक्याला वाक्य, त्याला पुन्हा वाक्य असे गुंफत गेल्यामुळे गुंतागुंतीचे असते. कागदावर उतरविले तर ते गबाळे दिसते, परंतु कानाला ते मुळीच गबाळे वाटत नाही. आपल्या आजीने सांगितलेली लांबलचक गोष्ट कोणी शब्दशः लिहून काढली तर तिचेही असेच होईल.

आता ‘लेक्चर’ या शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाचन असा आहे. छपाईपूर्वीच्या काळी ग्रंथ दुर्मीळ होते. गुरूने पोथी वाचावी, अर्थ सांगावा आणि शिष्यांनी उतरून घ्यावे, हेच व्याख्यान. ग्रंथ स्वस्त झाले तरी वाचण्याची खोड गेली नाही. कागदाची दाट भाषा तशीच वाचून दाखविणारे प्राध्यापक पुढेही होते आणि आजही आहेत. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, हे त्यांच्या गावीही नसते.

या बाबतीत मला मायकेल फॅरडे हा थोर वाटतो. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. 1812 साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, टिपणे घेतली, घरी ती विस्ताराने लिहून काढली आणि सुमारे तीनशे पानांचा तो ग्रंथ स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींकडे धाडला. पुढील वर्षी त्याला तेथे मदतनिसाची जागा मिळाली. म्हणजे कानांनी घेतलेली विद्या कागदावर उतरविणे हाच त्याचा विद्येच्या मंदिरातील प्रवेश होता. पण स्वतः बोलावयाची पाळी आली तेव्हा आपल्याला लिहिता येते म्हणून बोलताही येईल, असे त्याने धरले नाही. व्याख्याता कसा असावा यावर 1813 मध्ये त्याने मित्राला सविस्तर पत्रे लिहिली आहेत. पुढे स्मार्ट नावाच्या वक्तृत्वशिक्षकाकडे तो रीतसर शिकला. बोलता बोलता आपला वेग वाढतो हे जाणून त्याने समोर एक पाटी ठेवण्याची व्यवस्था केली होती. तिच्यावर शब्द असे, ‘स्लो’. सावकाश!

1860 च्या नाताळात फॅरडेने मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ती लघुलेखकाने उतरून घेतली, विल्यम क्रुक्स यांनी संपादित केली आणि 1861 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. ते आजही वाचले जाते. त्यात वक्ता सारखा काहीतरी हाताने दाखवीत आहे; हे इथले, ते तिथले, आता इकडे पाहा, असे म्हणत आहे, आणि वाचकाला ती वस्तू दिसत नसूनही आपण त्या सभागृहात बसलो आहोत असे वाटते. त्याच काळातील शास्त्रीय नियतकालिकातील लेख शेजारी ठेवून पाहावेत. एकाच देशातील, एकाच विषयाची, पण दोन घराण्यांची भाषा वाटते.

बोलणे कागदावर आणावयाचे तर केवढे श्रम पडतात, याचा दुसरा दाखला अमेरिकेतील आहे. 1961 ते 1963 या दोन वर्षांत रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियातील तंत्रविद्या संस्थेत पदार्थविज्ञानाची व्याख्याने दिली. प्रत्येक शब्द ध्वनिफितीवर घेतला होता, फळ्याची छायाचित्रेही होती. आता फक्त टंकलेखन करावे की झाला ग्रंथ, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात रॉबर्ट लेटन व मॅथ्यू सँड्स या पदार्थविज्ञानाच्या दोन प्राध्यापकांना त्यावर बसावे लागले, आणि एकेका व्याख्यानामागे दहा ते वीस तास गेले. व्याख्यान साधारण तासाभराचे! तो जगन्मान्य ग्रंथ आपण वाचतो तेव्हा वर्गात उच्चारलेले बोल आपल्या हाती जसेच्या तसे येत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ध्वनिफीत आली नसती तर हा सारा विषय तर्कापुरताच राहिला असता. उच्चारित शब्द हवेत विरतो. म्हणून व्याकरणकारांनी शतकानुशतके जे लिहिलेले सापडले त्याचेच व्याकरण केले आणि त्यालाच इंग्रजी म्हटले. 1959 मध्ये रँडॉल्फ क्वर्क यांनी डरहॅम येथे इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी आरंभिली आणि पुढच्याच वर्षी ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेली. पाच-पाच हजार शब्दांचे दोनशे नमुने, म्हणजे एकूण दहा लाख शब्द, हे उद्दिष्ट होते. त्यांतील निम्मे बोललेले आणि निम्मे लिहिलेले. आवाजाचा चढउतार, विराम, अडखळणे, सारे खुणांनी टिपून ठेवले. काही संभाषणे तर बोलणाऱ्यांना सुगावा लागू न देता ध्वनिमुद्रित केली होती, आणि त्या बोलणाऱ्यांत विद्यापीठातील अध्यापक मंडळी पुष्कळ होती. मोठमोठ्या विद्वानांची वाक्ये अर्ध्यावर सुटतात, कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे जाते, आणि तरीही समोरच्याला सारे समजते, हे त्या टिपणांत स्पष्ट झाले.

त्यानंतर अमेरिकेत खास विद्यापीठांतील बोलण्याकडे लक्ष वळले. मिशिगन विद्यापीठाने 1997 ते 2002 या काळात व्याख्याने, चर्चावर्ग, प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्यांच्या शंकानिरसनाच्या बैठका ध्वनिमुद्रित करून सुमारे 18 लाख शब्दांचा संग्रह केला. डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार अमेरिकन विद्यापीठांतील सुमारे 27 लाख शब्द तपासले. त्यात वर्गातले बोलणे होते तशीच पाठ्यपुस्तकेही होती. 2006 च्या ग्रंथात बायबर यांनी जो निष्कर्ष मांडला तो पुष्कळांच्या समजुतीला धक्का देणारा आहे. वर्गातील अध्यापनाची भाषा, विषय कितीही गहन असो, व्याकरणाच्या अनेक अंगांनी पाठ्यपुस्तकाला जवळची नसून साध्या संभाषणाला जवळची असते. म्हणजे जो मुलगा केवळ पाठ्यपुस्तक घोकून वर्गात येतो, तो दुसऱ्याच भाषेची तयारी करून आलेला असतो.

ही दुसरी भाषा कानाला कशी लागते पाहा. ‘अँड’ हा शब्द आम्ही शाळेत पूर्ण उच्चारावयास शिकवितो. वर्गात तो नुसता ‘न’ होतो. ‘फॉर’चा ‘फ’, ‘ऑफ’चा ‘अव्’, ‘गोइंग टु’चा ‘गना’. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा न्याय देतो. इंग्रज माणूस एका अक्षरावर आघात करतो आणि शेजारची चार अक्षरे गिळतो. कित्येकदा यामुळे अर्थ उलटा होतो. अमेरिकन उच्चारात ‘करता येते’ या अर्थाचा ‘कॅन’ शब्द वाक्यात नुसता ‘कन’ असा ओझरता येतो. ‘करता येत नाही’ या अर्थाच्या शब्दातील शेवटचा ‘ट’ गिळला जातो आणि ठसठशीत ‘कॅन’ तेवढा ऐकू येतो. आपला विद्यार्थी तो ठसठशीत ‘कॅन’ ऐकतो आणि वहीत होकार लिहून घेतो. परीक्षेत ते उत्तर चुकते, आणि कोठे चुकले हे त्याला कोणी सांगत नाही.

शिवाय व्याख्यानात वाटा दाखविणारे शब्द असतात, ते पुस्तकात नसतात. व्याख्याता ‘नाउ’ म्हणतो तेव्हा तो ‘आता’ असा काळ सांगत नाही. नवा मुद्दा सुरू झाला, एवढीच ती सूचना असते. ‘बाय द वे’ म्हटले की तो आडवाटेला लागला. लेखणी खाली ठेवावयास हरकत नाही. ‘एनीवे’ म्हटले की तो हमरस्त्यावर परत आला, लेखणी उचलावी. हे ज्याला ठाऊक नाही तो आडवाटेवरचा विनोदही मुद्दा समजून टिपून घेतो. त्याहून फसवी असते ती आर्जवी भाषा. ‘यू माइट वॉन्ट टु लुक ॲट चॅप्टर फाइव्ह’ याचा शब्दशः अर्थ, पाचवे प्रकरण पाहावेसे वाटले तर पाहा. आपला मुलगा म्हणतो, मला काही तसे वाटत नाही. वस्तुतः प्राध्यापकाने बजावलेले असते की ते प्रकरण वाचून या!

उलट बाजूनेही ठेच लागते. वर्गात ‘लॉट ऑफ’, ‘किड्स’ असे मोकळेपणाने बोलणारा तोच प्राध्यापक विद्यार्थ्याच्या निबंधात हे शब्द दिसले की त्यांवर रेघ ओढतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती मुलेही तेथे अडखळतात, कारण विद्यापीठाची लेखी इंग्रजी ही कोणाचीच मातृभाषा नाही. ती सर्वांनाच शिकावी लागते. आपल्या मुलांना हे कोणी सांगितले तर त्यांच्या मनावरचे पुष्कळसे दडपण कमी होईल.

जेथून मी बोलत आहे त्या नभोवाणीला तर हा धडा प्रथम गिरवावा लागला. ब्रिटिश नभोवाणीच्या भाषणविभागाच्या पहिल्या प्रमुख हिल्डा मॅथिसन यांनी 1927 पासूनच्या आपल्या कारकीर्दीत ओळखले की, सभेतले व्याख्यान किंवा छापावयाचा निबंध ध्वनिक्षेपकापुढे वाचला तर तो घरात बसलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. एकाच माणसाशी बोलावे तसे बोलावयाचे, पण ते आधी लिहून काढावयाचे, अशी तिसरीच भाषा त्यांनी विद्वानांकडून घोटून घेतली. 1948 मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झालेली रीथ व्याख्यानमाला याच परंपरेतली. माझ्याही हाती या क्षणी कागद आहे, आणि उद्या हाच मजकूर वर्तमानपत्रात आपण डोळ्यांनी वाचाल. तेव्हा या भाषणाची गणना कोणत्या भाषेत करावी हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आता आपल्याकडे या. 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नमुन्यावर नव्हे. नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि त्या वेळचे लंडन विद्यापीठ शिकवीत नसे. ते परीक्षा घेई. म्हणजे ज्या काळी इंग्लंडात कागदाने जिभेवर विजय मिळविला होता, नेमक्या त्याच काळी तेथील परीक्षापद्धती आपल्याकडे आली. 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. ही पिढी मोजक्या इंग्रज अध्यापकांच्या निकट सहवासात घडली. इंग्रजी तिच्या कानांवर पडत होती. पुढे महाविद्यालये गावोगाव झाली, सहवास संपला, प्रश्नपत्रिका मात्र राहिली. बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, कोठेही पाहा, इंग्रजी म्हणजे उताऱ्याखालचे प्रश्न आणि निबंध. गोव्यातील जुन्या पिढीला ठाऊक असेल की, पोर्तुगीज अमदानीतील लिसेवमध्ये लेखीबरोबर तोंडी परीक्षाही द्यावी लागे. परंतु ती पोर्तुगीजची कथा झाली.

हैदराबादच्या मंडळींना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. 1958 मध्ये त्या नगरीत इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. आता ती विद्यापीठ झाली आहे. तेथील आर. के. बन्सल यांचा, भारतीयांची इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत समजते याविषयीचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दावरचा आणि वाक्यातला आघात चुकीच्या जागी पडणे हे न समजण्याचे एक मोठे कारण त्यांनी दाखविले. शब्दसंपत्ती किंवा व्याकरण यांपलीकडचे हे कारण होते. ज्या मुलाला दहा वर्षे कोणी आघाताविषयी एक अक्षर सांगितले नाही, त्याला महाविद्यालयाच्या पहिल्या महिन्यात ‘कच्चा’ ठरवून मागच्या बाकावर धाडावयाचे, यात न्याय कोणता? मराठी माध्यमातून आलेली किती हुशार मुले त्या मागच्या बाकावर कायमची गप्प झाली, याची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात नाही. जी गोष्ट शिकविलीच नाही तिची परीक्षा घेतली जाते, आणि नापास मात्र मुलगा होतो.

परीक्षा घेणाऱ्यांनाही हे उमगावयास वेळ लागला. अमेरिकेतील विद्यापीठांत जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी 1964 मध्ये जी टोफेल परीक्षा सुरू झाली तिच्यात ऐकणे होते, वाचणे होते. पण प्रत्येक उमेदवाराने बोलून दाखविलेच पाहिजे, हा भाग मूळ परीक्षेत 2005 साली आला. चाळीस वर्षे गेली! गंमत अशी की, केंब्रिजला ही अक्कल फार पूर्वी सुचली होती. 1839 मध्ये स्वतःची तोंडी वादसभा गुंडाळणाऱ्या त्याच विद्यापीठाने 1913 मध्ये परदेशीयांसाठी इंग्रजीची एक परीक्षा काढली आणि तिच्यात मोठ्याने वाचणे, श्रुतलेखन व संभाषण यांना जागा दिली. पहिल्या वर्षी उमेदवार बसले तीन, आणि तिघेही नापास झाले.

जुन्या वादसभेचा एक तुकडा मात्र विद्यापीठांत अजून जिवंत आहे. आचार्यपदवीचा प्रबंध लिहून, बांधून सादर केला तरी उमेदवाराला परीक्षकांपुढे बसून त्याचे समर्थन करावे लागते. त्याला आपण ‘व्हायव्हा’ म्हणतो. ‘व्हायव्हा व्होची’ हे लॅटिन शब्द आहेत. त्यांचा अर्थ, जिवंत आवाजाने. तेथे अनुभवी परीक्षक प्रबंधाचे एखादे पान उघडतो, नामांनी गच्च भरलेल्या एका वाक्यावर बोट ठेवतो आणि उमेदवाराला विचारतो, हे मला जरा साध्या शब्दांत सांगता का?